सावलीतलं रोप मुळापासून पारखा

झाडाखालची ओसाड जागा भरायची घाई झाली की रोप निवडताना माणूस फक्त फुलाकडे बघतो. ही घाई किती महागात पडते, हे अमेरिकेच्या पूर्व भागात ‘लेसर सेलंडाइन’ने दाखवून दिलं आहे. फिकेरिया व्हर्ना हे त्याचं शास्त्रीय नाव. मूळचं ते युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं. मेपल-ओकला पालवीही फुटलेली नसते, तेव्हाच त्याची हृदयाच्या आकाराची पानं जमिनीलगत पसरतात आणि त्यांवर तेल चोपडल्यासारखी चकाकणारी पिवळी फुलं उमलतात. विल्यम वर्डस्वर्थने या फुलावर तीन कविता लिहिल्या. त्याचं देखणेपण मी नाकारत नाही. पण सावलीतल्या रोपाची पारख ते फुलतं कसं यावरून नव्हे, तर ते पसरतं कसं यावरून करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात घर घेऊन पहिल्यांदाच बाग करू पाहणाऱ्या मराठी मंडळींना तर हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

सेलंडाइनचं रोप मुळासकट उपटून पाहा. तळाशी लांबट, फुगीर गाठींचा झुबका असतो. त्यातली एक गाठ तुटून मातीत राहिली, तरी तिच्यापासून नवं रोप तयार होतं. शिवाय त्याच्या काही प्रकारांत फुलं ओसरता ओसरता पानांच्या बेचक्यात गव्हाच्या दाण्याएवढ्या फिकट कंदिका धरतात. त्या गळतात, पावसाच्या पाण्याबरोबर वाहतात, फावड्याला आणि बुटांना चिकटून दुसऱ्या वाफ्यात पोचतात. म्हणजे उपटून फेकायला गेलं तर आपल्याच हातून त्याची लागवड होते. पेनसिल्व्हेनियात त्याची नोंद 1867 सालची आहे; आज वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक पार्कमधल्या ओढ्याकाठच्या सखल जंगलातून ते हटवण्यासाठी मेहनत घ्यावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा, की जूनपर्यंत हे रोप सुकून दिसेनासं होतं, मग त्याचा त्रास तो काय? खरा त्रास त्या आधीच्या आठवड्यांतच आहे. ट्रिलियम, ब्लडरूट, व्हर्जिनिया ब्लूबेल्स, स्प्रिंग ब्यूटी या तिथल्या रानफुलांनाही झाडांची पानं दाट होण्याआधीचं तेवढंच ऊन मिळतं. सेलंडाइन त्यांच्याआधी उगवून जमीन झाकून टाकतं, आणि स्वतः सुकल्यावर मागे उघडी माती ठेवतं. दुसरा आक्षेप मधमाश्यांचा: लवकर येणारं फूल कीटकांच्या उपयोगाचं नाही का? काही कीटक त्यावर येतात, हे मान्य. पण अँड्रेना एरिजेनिये ही मातीत बीळ करणारी लहानशी मधमाशी आपल्या पिलांसाठी स्प्रिंग ब्यूटीचाच पराग गोळा करते. ते फूल गेलं तर सेलंडाइनचा गालिचा तिच्या कामाचा नाही. तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: इंग्लंडच्या जंगलात ते सुखाने नांदतं, मग अमेरिकेतच का नको? कारण तिथल्या वनस्पती आणि कीटक त्याच्यासोबतच घडत आले आहेत. अमेरिकेतल्या वसंतफुलांना त्याच्याशी झुंजण्याची सवय नाही. ‘मी फक्त माझ्या अंगणात लावतो’ हा युक्तिवादही टिकत नाही, कारण पाण्याबरोबर वाहणारी कंदिका कुंपण जुमानत नाही.

तेव्हा बागेत ते दिसलंच तर आधी ओळख पक्की करा. अमेरिकेतलंच मार्श मॅरिगोल्ड लांबून तसंच दिसतं, पण ते ठोंब धरून वाढतं. त्याला गाठीही नसतात आणि कंदिकाही नाहीत. सेलंडाइनची चार-दोन रोपं असतील तर फुलं येण्याआधी, भोवतालच्या मातीसकट खोलवर खणून काढा. ती माती कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. पुढची काही वर्षं वसंताच्या सुरुवातीला त्या जागेवर नजर ठेवा. पसारा मोठा असेल तर खणण्याने तो वाढतोच. तणनाशक मलाही आवडत नाही. पण अशा वेळी हिवाळा सरताना, देशी फुलं वर येण्याआधी, लेबल वाचून नेमक्या जागी केलेली ग्लायफोसेटची फवारणी परवडते, कारण ते पानांतून गाठींपर्यंत उतरतं. ओढ्याजवळ मात्र पाण्याशेजारी वापरायला परवानगी असलेलंच औषध घ्या. रिकाम्या जागी फोमफ्लॉवर, वाइल्ड जिंजर किंवा व्हर्जिनिया ब्लूबेल्स लावा. आणि नर्सरीत कुठलंही सावलीतलं रोप आवडलं, तर किंमत विचारण्याआधी ते पसरतं कसं, हे विचारा. विक्रेत्याला ते नीट सांगता येत नसेल, तर ते रोप घेऊ नका.