ओठ हलत होते, आवाज येत नव्हता

आजचे वाचन: १ शमुवेल १:१-१८



आजच्या उताऱ्यात एक प्रार्थना आहे, आणि ती जवळ बसलेल्या माणसाला ऐकूच आली नाही. एली याजक मंदिराच्या दाराशी आपल्या आसनावर बसला होता. समोर एक बाई. तिचे ओठ हलताहेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण शब्द कानावर पडत नाही. एलीने अंदाज बांधला की बाई प्यायलेली आहे, आणि तिला तसं सुनावलंही.

याजकालाच प्रार्थना ओळखू येऊ नये, हे वाचून मला दरवेळी कसंसंच होतं. त्याची बाजूही बघायला हवी म्हणा. वार्षिक सणाचे दिवस होते, यज्ञानंतर खाणंपिणं झालं होतं, आणि अशा गर्दीत पिऊन आलेली माणसं त्याने पाहिलीच असतील. पण तो बघत होता तिच्या तोंडाकडे. बोलत होतं तिचं अंतःकरण.

हन्नेची हकीकत आपल्याला माहीत आहे. एलकानाच्या दोन बायका. पनिन्नेला मुलंबाळं, हन्नेची ओटी रिकामी. शिलोला जायची वेळ आली की सवत टोचून टोचून बोलणार, हन्ना रडणार, जेवणाचं ताट तसंच राहणार. हे एकदा नाही, वर्षानुवर्षं. एलकानाचं तिच्यावर प्रेम होतं, यात शंका नाही. पण तो तिची समजूत काढतो ती अशी, की दहा मुलांपेक्षा मी तुला जास्त नाही का? (पुरुषमंडळींनी रागावू नये, पण तिच्या दुःखाची गोष्ट त्याने अलगद स्वतःकडे वळवली.) नवऱ्याला कळलं नाही, याजकाला कळलं नाही. आणि तिला मूल न होऊ देणारा परमेश्वरच होता, असं हा अध्याय एकदा नाही, दोनदा सांगतो. ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच दारात ती जाऊन उभी राहिली.

आता १५ आणि १६ ही वचने सावकाश वाचा. एलीला उत्तर देताना ती म्हणते की मी द्राक्षारस किंवा मद्य प्यायले नाही, मी माझा जीव परमेश्वरापुढे ओतला आहे. आणि पुढे, इतका वेळ मी जे बोलत होते ते माझ्या चिंतेतून आणि चिडीतून. चीड! प्रार्थनेत चीड असते, हे आपल्याला संडेस्कूलमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. आपण देवापुढे ओततो ते हंडा जरासा कलता करून. वरचं निवळ पाणी तेवढं जातं, गाळ तळाशी राहतो. हन्नेने हंडा उपडा केला.

इथे मला स्वतःचं सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ दारू पितो. लिहिताना हात अडखळतो, पण झाकून तरी काय उपयोग? चार वर्षं मी बुधवारच्या प्रार्थनासभेत त्याच्यासाठी प्रार्थना करत होते. मी प्रार्थना छान करते, असं मंडळीत म्हणतात. वचनं पाठ आहेत, शब्द अडत नाहीत. ‘हे दयाळू स्वर्गीय पित्या, माझ्या भावाला तुझ्या पवित्र हाताने स्पर्श कर,’ असं म्हटलं की सगळे ‘आमेन’ म्हणायचे. आणि घरी आल्यावर त्याचा फोन वाजला की मी तो उचलायची नाही.

मग एका रात्री आईचा फोन आला. तो जिन्यात पडला होता, वहिनी मुलांना घेऊन शेजारी जाऊन बसली होती. मी पलंगाच्या कडेला बसले, डोळे मिटले, आणि ती नेहमीची वाक्यं येईचनात. आतून आलं ते भलतंच. प्रभू, मला त्याचा वीट आलाय. आजवर मी त्याच्यासाठी मागितलंच नाही, आमची नाचक्की थांबावी म्हणून मागितलं. कधी कधी तर वाटतं की... ते वाक्य मी इथे लिहीत नाही. देवाला मात्र बोलले. नंतर बराच वेळ नुसती रडत होते. त्या प्रार्थनेत एकही शास्त्रवचन नव्हतं, आणि कोणी ‘आमेन’ म्हणायलाही नव्हतं. पण चार वर्षांत पहिल्यांदा मी जे म्हणत होते तेच माझ्या मनात होतं.

याकोब ५:१७ मध्ये एलियाचं उदाहरण आहे. आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस, असं याकोब मुद्दाम सांगतो. तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘त्याने प्रार्थनेने प्रार्थना केली’ अशी शब्दरचना आहे. नुसती म्हटली नाही, खरोखर केली. आणि गंमत बघा, १ राजे १८ मध्ये कर्मेल डोंगरावर एलिया पावसासाठी वाकला, गुडघ्यांमध्ये तोंड घातलं, चाकराला सात वेळा समुद्राकडे बघायला पाठवलं, हे सगळं लिहिलं आहे. पण त्या प्रार्थनेचा एक शब्दही शास्त्राने नोंदवलेला नाही.

मोठ्याने प्रार्थना करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही हं. बार्तीमय तर ओरडलाच, आणि लोक गप्प करू लागले तेव्हा आणखी मोठ्याने ओरडला. प्रभू येशू थांबला. प्रश्न आवाजाचा नाहीच.

पुन्हा शिलोकडे येऊ. हन्ना एलीला म्हणते, मला वाईट चालीची बाई समजू नका. इब्रीत तिथे ‘बलियालाची मुलगी’ असे शब्द आहेत. पुढच्याच अध्यायात, २:१२ मध्ये, एलीच्या स्वतःच्या मुलांना, हफनी आणि फिनहास यांना, ‘बलियालाचे मुलगे’ म्हटलं आहे. घरातलं दिसलं नाही आणि दारातल्या बाईवर आळ घेतला. तरी हन्ना त्याच्याशी भांडली नाही, तोंड फिरवून गेलीही नाही. एलीनेही आपली चूक ताणली नाही, तिला शांतीने जा म्हणाला, आणि तू मागितलंस ते इस्राएलाचा देव तुला देवो असा आशीर्वाद दिला. तिने काय मागितलं हे त्याला अजूनही माहीत नव्हतं!

आणि १८ वे वचन. ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा तसा उतरलेला दिसला नाही. इथवर काय बदललं होतं? शमुवेल अजून पोटातही नव्हता. सवत मुक्कामावर होतीच. रामाला परत जायचं ते त्याच घरात. तरी ती जेवली. मला शमुवेलाच्या जन्माइतकंच हे जेवण मोठं वाटतं.

पुढे मुलाचं दूध तुटल्यावर ती त्याला घेऊन शिलोला आली, तेव्हा तिने अर्पणासाठी काय काय आणलं ते १:२४ मध्ये बघा. त्यात द्राक्षारसाचा बुधलाही आहे. एलीला ती आठवण झाली असेल का, कोण जाणे.

माझा भाऊ अजून पूर्ण सुटलेला नाही. दोन महिने बरे जातात, मग एखादी रात्र येते. पण त्याचा फोन मी आता उचलते. परवा रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला होता. फारसं काही बोललो नाही. पाटवड्यांची आमटी त्याला आवडते, ती केली होती.

प्रार्थना: प्रभू, जे तळाशी उरलं आहे आणि सभेत बोलवत नाही, ते आज तुझ्यापुढे ओतते. शब्द नीट येत नाहीत. तू तोंडाकडे बघू नकोस. येशूच्या नावाने मागते, आमेन.