सावल्यांचं इंजिनिअरिंग

चित्र म्हणजे भिंतीवरची फ्रेम आणि नाटक म्हणजे समोर घडणारी गोष्ट, हे दोन कप्पे आपल्या डोक्यात पक्के असतात. चित्रकार नलिनी मालानी यांनी ते मोडले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना त्यांचा स्टुडिओ मुंबईच्याच भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये होता. तिथे एकाच इमारतीत चित्रकार रंगवत आणि नाटकवाले तालमी करत. पुढे १९९०च्या दशकात त्यांनी अलकनंदा समर्थ, अनुराधा कपूर या रंगकर्मींबरोबर कामही केलं.

याचं फळ पाहायचं तर 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' घ्या. २०१२ साली जर्मनीत, कासेलच्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात ते मांडलं होतं. छताला टांगलेले, आतून रंगवलेले पाच पारदर्शक मायलर सिलिंडर मोटरवर फिरतात. प्रोजेक्टरचा प्रकाश त्यांच्या आरपार जातो आणि भिंतीवर सावल्या चालू लागतात.

आता आपला विषय! सिलिंडरची पुढची बाजू डावीकडे सरकते तेव्हा मागची उजवीकडे. प्रोजेक्टरजवळच्या आकृतीची सावली मोठी पडते आणि वेगाने पळते. म्हणजे सावल्या एकमेकींना ओलांडतात, अगदी रंगमंचावरच्या पात्रांसारख्या. प्रकाशाच्या वाटेत आलात, तर तुम्हीही एक पात्र!

या कामामागे ग्रीक कथेतली कॅसान्ड्रा आहे. ती भविष्य खरं सांगायची, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. फ्रेममधल्या चित्रापुढून आपण दहा सेकंदांत निघून जातो. इथे नाटकाकडून घेतलेला वेळ कामी येतो. अकरा मिनिटं अंधारात उभं राहून तिचं ऐकावं लागतं.