गाडीत मावतील तेवढी भांडी

दसरा आटोपला की बीड जिल्ह्यातील अनेक गावांत लगबग सुरू होते. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार हा भाग बराचसा डोंगराळ व कोरडवाहू आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे येथे पाऊस बेताचाच पडतो. खरिपाचे पीक हाती आले की पुष्कळांना शेतात काम उरत नाही. म्हणून दरवर्षी येथील लाखो मजूर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. ऊस तोडणाऱ्या पतिपत्नीच्या जोडीला ‘कोयता’ असेच म्हणतात. पाच-सहा महिने त्यांचा संसार उसाच्या फडाजवळ उभारलेल्या एका लहानशा कोपीत चालावयाचा असतो.

निघण्यापूर्वी प्रत्येक घरात एक प्रश्न उभा राहतो : भांडी कोणती न्यावयाची?

घरातील फळीवर नजर टाकली तर भांड्यांची रांगच दिसते. तांब्याचा हंडा, पितळेची घागर, स्टीलची ताटे, वाट्या, पेले, एकात एक बसणारे डबे! त्यांतील कितीतरी लग्नात आहेर म्हणून आलेली असतात. काहींवर देणाऱ्याचे नाव व तारीख कोरलेली असते. भांड्यावर नाव घालण्याची ही चाल महाराष्ट्रात घरोघर दिसते. त्यामुळे भांडे हे केवळ भांडे राहत नाही. ते मामाची, मावशीची, आजीची आठवण होऊन बसते.

परंतु गाडीत जागा थोडी असते. माणसे, अंथरूण-पांघरूण, धान्य, सरपण आणि कोयते यांतून जी जागा उरेल, तीत भांडी बसवावी लागतात. तेव्हा घरातील बाई एकेक भांडे हातात घेऊन त्याची जणू परीक्षाच घेते. परातीत पीठ मळता येते आणि भाकरीही थापता येते, ती निघाली. ताटलीत जेवता येते व तीच पातेल्यावर झाकता येते, तीही निघाली. तवा, दोन पातेली, उलथणे, पळी, तांब्या, पाण्याची घागर आणि तेल-मिठाचे डबे घेतले, की संसार बांधून झाला. वाट्यांचा संच मात्र फळीवरच राहतो. जे भांडे दोन कामे करील, त्याला जागा आधी मिळते.

एवढ्या भांड्यांत पाच-सहा महिने दोन वेळचा स्वयंपाक होतो. यावरून रोजच्या जेवणाला किती थोडी भांडी पुरतात, हे ध्यानात येते. तथापि, येथे एक गोष्ट विसरता कामा नये. कोपीतील थोडी भांडी ही त्या कुटुंबाने हौसेने स्वीकारलेली नसतात. गरजेने त्याच्यावर लादलेली असतात. तिला साधेपणा म्हणून गौरवणे म्हणजे त्या कष्टांची थट्टा करणे होय. स्वेच्छेने पत्करलेला साधेपणा वेगळा. संत गाडगे महाराजांजवळ (१८७६–१९५६) एक मातीचे गाडगे असे. त्यातच ते भाकरी खात, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. स्वतःसाठी त्यांनी गाडग्याहून अधिक काही मागितले नाही; पण इतरांसाठी मात्र धर्मशाळा उभारल्या.

सर्वच भांडी कमी करता येतात, असेही नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातील लोकांची पाण्यासाठी वणवण झाली. अशा वेळी टँकर दारात आला, की घरातील प्रत्येक हंडा, घागर आणि पिंप उपयोगी पडते. जेथे पाणी रोज येत नाही, तेथे पाणी साठविण्याची भांडी अडगळ ठरत नाहीत. उलट, जेवणाची भांडी मोजकी वापरली तर ती घासण्यास पाणीही थोडे लागते.

मग अडगळ कोणती? पूर्वी तांब्या-पितळेच्या भांड्यांना वरचेवर कल्हई करावी लागे. कारण आंबट पदार्थ तांब्याशी संयोग पावला की तो अंगास बाधतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टीलची भांडी घरोघर आली. त्यांना कल्हई लागत नाही. त्यामुळे जुनी भांडी माळ्यावर गेली आणि त्यांच्या जागी नव्यांची गर्दी झाली. वर्षानुवर्षे जे खाली उतरत नाही, ज्याच्याशी कोणतीही आठवण जोडलेली नाही, ते भांडे अडगळच होय. फुटके-चेपलेले भांडे मोडीत देता येते. चांगले असेल तर नवा संसार मांडणाऱ्याला देता येते. लग्नकार्यातील मोठी पातेली तर प्रत्येक घरात हवीतच असे नाही. अनेक गावांत अशी भांडी सर्वांसाठी मिळून एके ठिकाणी ठेवतात व ज्याच्या घरी कार्य असेल तो ती नेतो.

उन्हाळ्यात मजूर घरी परततात. बंद दार उघडते आणि धूळ बसलेली भांडी खाली उतरतात. घरातली बाई ती चिंचेने, राखेने घासते. आजीच्या नावाची घागर ती पुन्हा पहिल्या जागी ठेवते, कारण ती वापरातही आहे आणि आठवणीतही. मात्र ज्या भांड्यांची सहा महिन्यांत एकदाही उणीव भासली नाही, त्यांच्याकडे ती क्षणभर पाहत राहते. गाडीत जागा नव्हती म्हणून तिने एकदा निवड केली होती. आता घरात जागा असूनही जी निवड ती करील, ती खरी तिची स्वतःची असेल.

अभ्यास

१. ऊसतोडणीला जाताना भांड्यांची निवड कशी केली जाते?
२. गाडगे महाराजांचा साधेपणा आणि कोपीतील संसार यांत कोणता फरक आहे?
३. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या भांड्याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.