वेताळाची शपथ आणि बहादूरचा बाप

(द्वितीय वर्ष, कला)

"चित्रकथा हा काय वार्षिकाच्या लेखाचा विषय झाला?" लेखाचे नाव सांगताच एका मित्राने विचारले. शंका रास्त आहे. संतवाङ्मय, ग्रामीण कादंबरी, दलित आत्मकथन यांच्या पंक्तीला इंद्रजाल कॉमिक्सचा अंक बसवणे काहींना धाडसाचे वाटेल. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्याकडे ग्रंथांचे कपाट नव्हते. होता तो मुखपृष्ठ फाटून गेलेला एक जुना अंक. तेव्हा अभ्यासाची सुरुवात तिथूनच करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

हा अंक घरात आला तो माझ्या चुलत आजोबांच्या ट्रंकेतून. ते मुंबईला गिरणीत कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर आजोबांना गिरणीचे दार काही पुन्हा दिसले नाही. ते खेड तालुक्यातल्या आमच्या गावी परतले. ट्रंकेत कपड्यांखाली मराठी इंद्रजालचे पाच-सहा अंक होते. माझ्या वडिलांना शाळेने अक्षरे शिकवली, पण वाचायला शिकवले ते या अंकांनी. त्यांपैकी आज एकच उरला आहे, बहादूरचा. त्याच्याकडे वळण्यापूर्वी त्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे वेताळाची, ओळख करून घेणे आवश्यक आहे.

मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. आपल्या भागाच्या दृष्टीने पाहिले तर हा काळ लक्षात राहण्याजोगा आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्येच उभा राहिला होता आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले होते. म्हणजे इकडे शेतांच्या जागी कारखान्यांच्या शेड येत होत्या, त्याच सुमारास तिकडे मराठी मुलांच्या हाती मुखवटाधारी वीर येत होता.

या वीराचा जनक ली फॉक हा अमेरिकन लेखक. त्याचा 'फँटम' फेब्रुवारी १९३६ मध्ये वृत्तपत्रांतून अवतरला, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा हा पुढच्या महावीरांचा थाट त्याच्याकडे पहिल्यापासून आहे. अलौकिक शक्ती मात्र नाही. मराठीत त्याचे नाव झाले 'वेताळ'. हे नाव ज्याने सुचवले त्याचे कौतुक केले पाहिजे. वेताळ हा भुतांचा राजा खरा. परंतु गावाच्या वेशीबाहेर शेंदूर लावलेल्या दगडाच्या रूपाने बसून तो गावाची राखणही करतो. पुण्याच्या एका टेकडीलाही त्याचेच नाव आहे. त्यामुळे परदेशी फँटमला आमच्या गावकीत सामील व्हायला वेळ लागला नाही.

वेताळकथेचा पाया एका शपथेवर उभा आहे. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटले. त्यात एका तरुणाचा पिता मारला गेला. तरुण तेवढा किनाऱ्याला लागला. पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. म्हणून लोकांना वाटते, वेताळ अमर आहे. आपण वाचतो तो एकविसावा.

येथे खलनायकांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. ते बाहेरून येतात, त्यांना चेहरा असतो आणि तो ठोसा मारण्याजोगा असतो. वेताळाच्या अंगठीतील कवटीचा शिक्का एकदा जबड्यावर उमटला की जन्मात पुसला जात नाही. पुढे कोणीही पाहावे आणि ओळखावे, हा दुष्ट! बालवाचकाला यासारखे समाधान नाही. आणखी एक मौज म्हणजे मूळ कथेतील चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग' होते. भारतीय वाचकाला ते आपल्यापैकीच कोणाचे वाटले असते. म्हणून इंद्रजालमध्ये त्याचे 'सिंगा' झाले आणि कथेतील देशाचे बंगालशी मिळतेजुळते नाव जाऊन 'डेंकाली' आले. संपादकांचा हेतू स्पष्ट दिसतो. खलनायक आपल्या घरातला वाटता कामा नये.

डिसेंबर १९७६ मध्ये मात्र इंद्रजालमध्ये बहादूर आला आणि चित्र पालटले. लेखक आबिद सुरती, सुरुवातीचे चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. पहिल्या अंकाचे इंग्रजी नाव 'द रेड ब्रिक्स हाऊस'. बहादूर भगवा कुर्ता आणि जीन्स घालतो. मुखवटा नाही, गुहा नाही, सिंहासन नाही. त्याच्यासमोरचे खलनायक म्हणजे डाकू. हा विषय त्या वेळी ताजा होता. १९७२ च्या एप्रिलमध्ये चंबळच्या कित्येक डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली होती.

बहादूरची मूळ कथा अशी. त्याचा बाप पोलिसांच्या गोळीने मरतो आणि पोरगा सूड घेण्याच्या इरेला पेटतो. येथवर ही वेताळाचीच कथा आहे. पण बहादूरला पुढे कळते की त्याचा बाप हाच नामांकित डाकू होता, आणि बापाचे नाव भैरवसिंह! संपादकांनी १९६४ साली दाराबाहेर काढलेला 'सिंग' बारा वर्षांनी असा घरातल्या चुलीजवळ येऊन बसला. हा केवळ नावांचा योगायोग असेल, पण माझ्या मते मराठी मुलांच्या वाचनात घडलेला हा मोठा बदल होता. वेताळाला 'दुष्ट कोण?' असा प्रश्न कधी पडत नाही. बहादूरचे आयुष्य त्याच प्रश्नापासून सुरू होते.

आता हा अंक मी पुन्हा का उघडला ते सांगितले पाहिजे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या वर्गातल्या एका मित्राच्या मोठ्या भावाला चाकणच्या एका कारखान्यात 'ब्रेक' मिळाला. हा शब्द आपल्या भागात समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही बाहेरून आलेल्या गुरुजनांसाठी लिहितो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने असे ठरवले की बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की कामगाराची सेवा सलग वर्षाची धरायची. मग त्याला कमी करताना नोटीस व भरपाई द्यावी लागते. म्हणून कंत्राटी पोरांना सातव्या महिन्याच्या आसपास घरी बसवायचे आणि काही दिवसांनी नव्याने घ्यायचे. दिवस पुन्हा एकपासून सुरू! गेटवर अशी यादी वाचली जाते. मित्र कँटीनमध्ये शांतपणे म्हणाला, "नावं तुझ्या पप्पांनीच वाचली."

माझे वडील ठेकेदाराकडे सुपरवायझर आहेत. माझी फी त्याच पगारातून भरली जाते.

त्या रात्री बहादूर पुन्हा वाचला. दोन दिवस वडिलांशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते नाइटला निघण्यापूर्वी चहा घेत होते, तेव्हा विचारले. ते म्हणाले, "मलाही तीनदा ब्रेक मिळालाय. चौथ्यांदा ठेकेदार म्हणाला, यादी वाचायला माणूस पाहिजे. तू तेव्हा पहिलीत होतास." एवढे बोलून त्यांनी कप विसळला आणि ते गेले.

वेताळाने काय केले असते? शिक्का कोणाच्या जबड्यावर उमटवला असता? यादी एक जण तयार करतो, दुसरा सही करतो, तिसरा वाचतो. आणि तिघेही म्हणतात, माझ्या हातात काही नाही. येथे चेहरा शोधू गेलो तर पहिला सापडतो तो गेटवरचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. तो शिक्का मारणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. मात्र 'ते निर्दोष आहेत' असे म्हणून अंक मिटणेही मला जमेना. मित्राच्या भावाचे घरभाडे थकले होते, ही गोष्ट तर खरीच होती. बहादूरनेही बापाचे पाप झाकले नाही. त्याने सूड सोडला आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन नागरिक सुरक्षा दल उभारले. वेताळाच्या मुलाला वेताळच व्हावे लागते. बहादूरला बापासारखे होण्याचे बंधन नाही. या दोन कथांतला फरक मला एवढ्यावर येऊन थांबलेला दिसतो.

बहादूरच्या लेखकाचे पुढचे आयुष्यही या दृष्टीने बोलके आहे. २००७ पासून आबिद सुरती यांनी मुंबईजवळच्या मीरा रोडला दर रविवारी एका प्लंबरला बरोबर घेऊन घरोघरी गळके नळ फुकट दुरुस्त करण्याचे काम सुरू केले. गळत्या नळाला ठोसा मारता येत नाही. तिथे वायसर बदलावा लागतो.

आम्हा चार मित्रांनीही एक छोटे काम सुरू केले आहे. रविवारी चाकणला कंत्राटी पोरांच्या खोल्यांवर जायचे, मोबाइलवर त्यांचे पीएफचे पासबुक उघडून द्यायचे आणि कामाचे दिवस तारखेसह वहीत मांडून द्यायचे. पहिले पान मित्राच्या भावाचे. मी बेरीज केली ती १८१ दिवस. वही घरी टेबलावर उघडी राहिली होती. सकाळी वडील नाइटवरून आले, त्यांनी ती उभ्यानेच वाचली. मी गप्प होतो.

"पगारी सुट्ट्या धरल्या नाहीस," ते म्हणाले. "त्या धरायच्या असतात."

मग खुर्ची ओढून त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले आणि आम्ही दोघांनी बेरीज पुन्हा केली. आकडा वाढला, २४० ला मात्र पोहोचला नाही.