खांब, स्तंभ आणि मेढ

देवदर्शनास येणारा भाविक गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो तो खांबांच्या ओळींमधून. रांगेत शिणलेली पाठ टेकावी, कडेवरचे लेकरू क्षणभर खाली उभे करावे, ते खांबाशीच. मात्र या आधाराला मराठीत किती नावे आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही.

संस्कृतात ‘स्तंभ’ आणि ‘स्कंभ’ असे दोन शब्द आहेत. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात विश्वाला धारण करणाऱ्या स्कंभाचे सूक्तच आहे. हाच स्कंभ प्राकृतात ‘खंभ’ आणि मराठीत ‘खांब’ झाला. स्तंभाच्या मूळ धातूचा अर्थ रोखून धरणे, स्थिर करणे असा असून आपले ‘थांबणे’ हे क्रियापद त्याच कुळातले आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असला तरी मान वेगवेगळा. विजयस्तंभ, कीर्तिस्तंभ, ध्वजस्तंभ असे म्हणायचे. पण प्रल्हादासाठी नरसिंह प्रकटला तो घरोघरीच्या कथेत खांबातूनच. पंढरपुरातही चौखांबी, सोळखांबी आणि वारकरी ज्याला आलिंगन देतात तो गरुडखांब, ही तिन्ही नावे साध्या मराठी शब्दावरच उभी आहेत. सोळखांबीतील प्रसिद्ध चौऱ्यांशीच्या शिलालेखात शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या काळातील देणगीदारांची नावे कोरलेली आहेत.

मेढ हा शब्द शेतकऱ्याचा. मेढ म्हणजे वरच्या टोकाला बेचके असलेला लाकडी खांब. त्या बेचक्यात आडवे लाकूड बसते. खळ्याच्या मध्यभागी ज्याभोवती बैल फिरतात तो खांबही मेढ किंवा तिवडा. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ मुहूर्त पाहून रोवतात, म्हणून कोणत्याही कार्याच्या आरंभाला ‘मुहूर्तमेढ’ हा शब्द आला. संस्थेच्या कोनशिलेवर तो वाचताना त्यामागचे बेचक्याचे लाकूड आज क्वचितच कोणाला आठवते. तात्पुरत्या आधाराला मात्र खांब म्हणत नाहीत. तो टेकू किंवा धिरा.

लाकडी खांब थेट जमिनीत पुरला तर ओल आणि वाळवी त्याला खाते. म्हणून जुन्या घरांत व सभामंडपांत तो ‘तळखडा’ नावाच्या घडीव दगडावर उभा करीत. दगडी मंदिरांत खांबाच्या माथ्यावर छताचा भार हातांनी तोलणाऱ्या ठेंगण्या मूर्ती असतात. त्यांना ‘कीचक’ म्हणतात.

महाडजवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांत प्रकार निराळाच आहे. तेथील खांब उभारलेले नाहीत; डोंगर कोरताना राखून ठेवलेले आहेत. लेणी वरून खाली कोरली जात असल्याने अशा खांबाचा माथा आधी आणि पायथा नंतर तयार होतो. गवंड्याच्या कामाच्या नेमके उलट!

महाड तालुक्यातीलच रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरात शके १५९६ चा (इ. स. १६७४) संस्कृत शिलालेख आहे. हिरोजी इंदुलकरांनी गडावर जे बांधले त्यात विहिरी, तलाव, राजगृहे यांच्यासोबत स्तंभांचाही उल्लेख येतो. गंगासागर तलावाजवळचे दोन द्वादशकोनी मनोरे म्हणजेच हे स्तंभ असावेत, असे मानले जाते. ते मान्य केल्यास स्तंभ या शब्दाची व्याप्ती केवळ छत पेलणाऱ्या खांबापुरती राहत नाही. हिरोजींनी स्वतःचे नाव मात्र मंदिराच्या पायरीवर कोरविले.

अलीकडे जीर्णोद्धाराच्या कामांत खांब जाऊन ‘कॉलम’ आला आहे. अंदाजपत्रकातही तोच शब्द असतो आणि पुष्कळ देणगीदार कॉलमवर नाव असावे अशी इच्छा व्यक्त करतात. ती इच्छा गैर नाही. परंतु महाड शहरात २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला, हे या परिसराला विसरता येणारे नाही. नावाच्या पाटीआधी पायाची खोली, लोखंडाची जाडी आणि सिमेंटवर किती दिवस पाणी मारले, याची चौकशी देणगीदाराने अवश्य करावी. तो त्याचा अधिकार आहे. जुना लाकडी मंडप उतरविताना निघणारे तळखडेही भरावात टाकू नयेत. त्यांच्या माथ्यावर खांबाची कूस बसविण्याची खाच असल्यास पूर्वीच्या मंडपाची मांडणी त्यावरून पुन्हा आखता येते.