खोल्यांची वाटणी आणि संगणक

विदर्भांतील शाळा जूनअखेर उघडल्या कीं सूचनाफलकावर वेळापत्रक लागतें. विद्यार्थी तें वहींत उतरवून घेतात आणि त्यांचा विचार तेथेंच संपतो. परंतु तो एक कागद तयार होण्यापूर्वीं किती खाडाखोड झालेली असते, हें शिक्षकांच्या घरच्या मंडळींसच ठाऊक! हल्लीं हें काम कित्येक महाविद्यालयांत संगणकाकडे सोंपविलें जातें. संगणक तें कसें करतो आणि कोठें अडतो, हें आज आपण पाहूं. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलेंमुली पुढें महाविद्यालयांत जाणार आहेत. तेव्हां हा विषय त्यांस किंवा त्यांच्या आईबापांस परका नाहीं.

प्रथम एक लहानसें उदाहरण घेऊं. मराठी, गणित, भूगोल, भौतिकशास्त्र व इतिहास असे पांच तास आहेत, असें समजा. मराठी सर्वांस आहे. त्याशिवाय कांहीं मुलांनीं गणित व भौतिकशास्त्र, कांहींनीं इतिहास व भूगोल, आणि थोड्या मुलांनीं केवळ गणित व भूगोल हे दोन विषय घेतले आहेत. कागदावर प्रत्येक तासासाठीं एक ठिपका काढा, आणि जे दोन तास एकाच वेळीं घेतां येत नाहींत त्यांचे ठिपके रेघेनें जोडा. आतां प्रत्येक ठिपक्यास रंग द्यावयाचा; रेघेनें जोडलेल्या दोहोंस एकच रंग नको. रंग म्हणजेच घड्याळांतील वेळ. भौतिकशास्त्र व इतिहास यांस तांबडा रंग देऊन आरंभ केला, तर गणितास हिरवा व भूगोलास निळा द्यावा लागतो, आणि मराठीसाठीं चौथा रंग शोधावा लागतो. उलट मराठीपासून आरंभ करा. मराठीस तांबडा, गणितास हिरवा, भूगोलास निळा. मग भौतिकशास्त्रास निळा व इतिहासास हिरवा चालतो. तीन रंगांतच काम भागलें. केवळ क्रम बदलल्यानें एक संपूर्ण तास वांचला.

ज्या ठिपक्यास सर्वांत अधिक रेघा, तो प्रथम रंगवावा, ही युक्ति वेल्श व पॉवेल या दोघांनीं १९६७ सालीं मांडली. रंगांचें कोडें मात्र त्याहून जुनें आहे. १८५२ सालीं फ्रान्सिस गथ्री नांवाच्या तरुणास इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवितांना असा प्रश्न पडला कीं, शेजारशेजारच्या परगण्यांस एक रंग न देतां कोणत्याहि नकाशास चार रंग पुरतील काय? पुरतात, हें १९७६ सालीं सिद्ध झालें, आणि तेंहि संगणकाच्या साहाय्यानें. (आपल्या गडचिरोली जिल्ह्याचे १२ तालुके असेच रंगवून पाहावे.) वेळापत्रकांत मात्र रेघा वाटेल तशा एकमेकींस छेदतात, म्हणून तेथें चार रंगांचा भरंवसा नाहीं.

संगणक सर्व शक्यता तपासून उत्तम ती निवडतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. रोज ८ तास व आठवड्याचे ६ दिवस धरले, तर वेळा ४८ होतात. केवळ १० तास त्यांत मांडण्याचे प्रकार ६ या अंकापुढें १६ शून्यें लिहून होणाऱ्या संख्येहूनहि अधिक भरतात. दर सेकंदास एक कोटी प्रकार तपासले, तरी २०० वर्षांत काम संपणार नाहीं! १९७६ सालींच ईवन, इताई व शामीर या विद्वानांनीं दाखविलें कीं, शिक्षकांच्या सवडीच्या मर्यादा घातल्या म्हणजे हा प्रश्न ज्या वर्गांत मोडतो, त्यासाठीं खात्रीची व त्वरित अशी रीत कोणासहि सांपडलेली नाहीं. म्हणून संगणकहि आपल्यासारखाच मांडतो, अडला कीं हलवितो, पुन्हां मांडतो. त्यास थकवा येत नाहीं इतकेंच.

वेळ ठरली कीं खोली. चार वर्गांत ९५, ६०, ४० व २२ विद्यार्थी आहेत, आणि खोल्यांत १००, ६०, ४५ व ३० जणांची सोय आहे, असें समजा. २२ जणांच्या वर्गानें पंखे बरे म्हणून मोठें दालन धरलें, तर ९५ जणांनीं कोठें बसावें? जो वर्ग जेथें जेमतेम मावतो तेथेंच तो बसवावा, ही साधी रीत. पण ती लागू करणें म्हणजे कोणाचा तरी रुसवा पत्करणें. यंत्रानें यादी दिली कीं हा रुसवा पुष्कळ कमी होतो, असा आमचा अनुभव आहे.

रुमानियांतील लिव्हिउ लालेस्कु यांनीं २००२ सालीं आरंभिलेली 'फेट' नांवाची आज्ञावली विनामूल्य मिळते आणि इंटरनेट नसतांनाहि चालते. पावसाळ्यांत आमच्या जंगलपट्टींत ही गोष्ट लहान नव्हे. तींत अमुक शिक्षक अमुक दिवशीं येत नाहीं, अमुक तास प्रयोगशाळेंतच हवा, अशा अटी भरतां येतात. जी अट भरली नाहीं, ती मात्र संगणकाच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नसते.

याची किंमत आम्हीं जवळून पाहिली. कांहीं वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत हें काम चालू असतां आम्ही साहाय्यास गेलों होतों. छापून आलेलें वेळापत्रक निर्दोष होतें. एकहि तास दुसऱ्यावर आदळत नव्हता. पण पहिल्याच सोमवारीं एक वर्ग व्हरांड्यांत उभा राहिला. ६० जणांची म्हणून नोंदलेली ती खोली जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांनीं भरलेली होती, आणि उरलेल्या जागेंत धड बांक ४१च होते. याहून वाईट गोष्ट पुढें कळली. रसायनशास्त्राचे प्रयोग चार वाजतां ठेवले होते, आणि दूरच्या गांवांकडे जाणारी शेवटची एस.टी. साडेचारास सुटे. त्या गांवांच्या सात मुली तीन महिने अर्ध्यावर प्रयोग टाकून निघत आणि मैत्रिणींच्या वह्यांवरून आंकडे उतरवीत. त्यांतील एकीनें शेवटीं विषयच सोडला. कोणीहि तिच्यावर जाणूनबुजून अन्याय केला नव्हता. गाडीची वेळ कोणी संगणकास सांगितलीच नव्हती, आणि आम्हीहि सांगितली नाहीं.

पुढें प्रयोग तीनच्या आंत संपावे अशी अट घातली. तेव्हां सकाळचे तास साडेसातास सुरू करावे लागले, आणि चंद्रपुराहून येणाऱ्या तासिका तत्त्वावरील एका प्राध्यापकांचे सर्व तास दोन दिवसांत दाटले. एकाची सोय दुसऱ्याच्या पदरांतून काढावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणानें (२०२०) विषयांची निवड मोकळी केल्यापासून एकाच वर्गाचे विद्यार्थी निरनिराळ्या तासांस विखुरतात, म्हणजे ठिपक्यांमधील रेघा आणखी वाढतात. फेब्रुवारी-मार्चांत मंडळाच्या परीक्षांसाठीं दालनें द्यावीं लागतात, आणि महाशिवरात्रीस मार्कंड्याच्या जत्रेमुळें गाड्यांची गर्दी असते. तेवढ्या दिवसांसाठीं वेगळेंच पत्रक लागतें.

त्या महाविद्यालयांत आतां दर शनिवारीं शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन प्रत्येक खोली उघडतो, बांक मोजतो, पंखा लावून पाहतो, छत कोठें गळतें तें पाहतो आणि वहींत लिहितो. कारकून तीच नोंद संगणकांत भरतो. गेल्या पावसाळ्यांत एक खोली गळूं लागली, तेव्हां सोमवारीं सकाळींच तिच्यांतील तास दुसरीकडे नेल्याची सूचना फलकावर होती, आणि सूचनेच्या खालीं शिपायाची सही होती.