थांबलेले चित्र आणि बोलणारा शिक्षक : प्राथमिक वर्गातील चित्रपट्टीचा पुनर्विचार

शैक्षणिक साधनांच्या इतिहासात फिल्मस्ट्रिप, अर्थात चित्रपट्टी, हिच्या वाट्याला सहसा एखादी ओळच येते. काचेच्या पारदर्शिका आणि बोलपट यांच्यामधली एक पायरी, दूरचित्रवाणी व व्हिडिओ येताच मागे पडलेले साधन, एवढाच तिचा परिचय दिला जातो. तिचे आयुष्य अल्प ठरले हे खरे. परंतु चित्र आणि शिक्षक यांच्या परस्परसंबंधाविषयीचे एक महत्त्वाचे तत्त्व तिच्या रचनेत अंतर्भूत होते. त्या तत्त्वाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चित्रपट्टी म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचा सलग तुकडा. त्यावर सामान्यतः ३० ते ६० स्थिर चित्रे क्रमाने छापलेली असत. ही गुंडाळी लहानशा डबीत मावे. प्रक्षेपकाची कळ फिरवली की पडद्यावर पुढचे चित्र येई, आणि शिक्षकाची इच्छा असेल तोवर ते तिथेच राही. पुष्कळ पट्ट्या मूक होत्या. चित्राखाली एखादी ओळ आणि शिक्षकासाठी सोबत माहितीपुस्तिका, एवढाच शब्दांचा भाग. बोलायचे काम शिक्षकाचे होते.

भारतात या साधनाला संस्थात्मक आधार मिळाला तो प्रामुख्याने दिल्लीत. १९५९ साली तेथे राष्ट्रीय दृक्-श्राव्य शिक्षण संस्था स्थापन झाली. १९६१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद अस्तित्वात आली आणि ही संस्था तिच्यात समाविष्ट झाली. परिषदेच्या फिल्म-ग्रंथालयातून शाळांना चित्रपट व चित्रपट्ट्या उसन्या मिळत. योगायोग असा की, त्याच १९६१ मध्ये दिल्लीच्या माध्यमिक शाळांसाठी दूरचित्रवाणीचे पाठही सुरू झाले. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' प्रयोगाने उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली; सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. त्यानंतर धोरणाचा कल हलत्या, बोलत्या चित्राकडे झुकला, हे स्वाभाविकच होय. या स्थित्यंतरात चित्राबरोबर येणारा आवाज मात्र वर्गाबाहेर गेला, याची फारशी दखल घेतली गेली नाही.

स्थिर चित्रांची मालिका आणि तिच्याशेजारी उभा असलेला निवेदक ही जोडी आपल्याकडे नवी नाही. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच जीवनावरील चित्रे क्रमाने दाखवतो. शूर्पणखेचे चित्र पाहून सीता भयभीत होते, तेव्हा हे केवळ चित्र आहे याची राम तिला आठवण देतो. ऊर्मिलेच्या चित्रापाशी लक्ष्मण संकोचतो आणि ते टाळून पुढच्या चित्राकडे वळतो. पुढे विरहाचे प्रसंग येतात, तेव्हा राम त्याला थांबवतो. चित्रे आधीच काढलेली आहेत. पण कोठे रेंगाळायचे, काय गाळायचे आणि कोठे थांबायचे, हे पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून ठरते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरून कथा गातात, त्यांच्या सादरीकरणाचा पायाही हाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या पटवर्धन पितापुत्रांनी काचेवर रंगवलेल्या चित्रांचे 'शांबरिक खरोलिका' हे खेळ केले, त्यांतही चित्राला वाचा देणारा माणूस तेथेच उपस्थित असे. चित्रपट्टी ही या परंपरेची यांत्रिक धाकटी बहीण म्हणता येईल.

तत्त्व स्पष्ट होण्यासाठी एक पाठ कल्पून पाहू. विषय 'शेतीचे पाणी'; पडद्यावर मोटेचे चित्र आहे. दिल्लीतील तिसरीच्या मुलाने पाण्याचा टँकर पाहिलेला असतो, मोट नव्हे. चलच्चित्र असते तर बैल धावेवरून उतरले असते, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी झाली असती, आणि अर्ध्या मिनिटात विषय संपला असता. स्थिर चित्रापुढे शिक्षकाला प्रश्न विचारता येतो : हे बैल विहिरीकडे येत आहेत की विहिरीपासून दूर जात आहेत? चित्र उत्तर देत नाही. मग कोणी नाड्याकडे पाहते : तो ताणलेला आहे, म्हणजे त्याला ओझे आहे. कोणाला बैलांचे वाकलेले खांदे दिसतात. आणखी कोणी विचारते, धाव उतरतीच का केली असेल? बैलांचे वजन ओढण्याच्या कामी यावे म्हणून, हे उत्तर मुले स्वतः शोधू शकतात. हालचाल दाखवता न येणे ही चित्रपट्टीची उणीव खरी. पण जी हालचाल चित्रात नाही ती मुलाला मनात घडवावी लागते, आणि शिकणे घडते ते तेथेच.

याच ठिकाणी भाषेचा प्रश्न उभा राहतो. दिल्लीच्या प्राथमिक वर्गात घरची भाषा, गल्लीतील भाषा आणि पुस्तकाची भाषा एकच असेल असे नाही. घरी मराठी बोलणारे मूल शेजारी हिंदी ऐकते आणि पुस्तकात कदाचित इंग्रजी वाचते. मुद्रित आवाज एक भाषा निवडतो आणि उरलेल्या भाषांना गप्प करतो. 'साइट'चे कार्यक्रमही हिंदी, कन्नड, ओडिया व तेलुगू या चार भाषांतच होते. प्रत्येक खेड्याची बोली उपग्रहावरून बोलणे शक्यच नव्हते. मूक चित्रपट्टीला मात्र भाषा नव्हती. तेच मोटेचे चित्र पंजाबी, बंगाली वा मराठी शब्दांनी उलगडता येई, आणि मुलांकडून आलेले शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिता येत. ज्या मुलाच्या घरचा शब्द फळ्यावर येतो, ते मूल वर्गात पाहुणे राहत नाही.

साधनाचे दोषही लक्षात घेतले पाहिजेत. खोली अंधारी करावी लागे. उन्हाळ्यात खिडक्या बंद केलेल्या वर्गात लहान मुलांचे लक्ष टिकणे कठीण. पट्टीवर चरे पडत, कडेची छिद्रे फाटत, रंग उडत. चित्रांचा क्रम बदलता येत नसे. सर्वांत मोठा धोका शिक्षकाकडूनच होता. तयारी न करता एका तासिकेत साऱ्या चित्रांची रांग पुढे ढकलली, तर ते केवळ मनोरंजन होई. लहान मुलांसाठी आठ-दहा चित्रे निवडून प्रत्येकापाशी एक तरी खरा प्रश्न विचारणे, एवढी शिस्त साधनापेक्षा महत्त्वाची होती. पाहिल्याने अमुक टक्के व ऐकल्याने तमुक टक्के लक्षात राहते, अशी कोष्टके प्रशिक्षणवर्गांत एडगर डेल यांच्या नावावर अजूनही सांगितली जातात. वस्तुतः १९४६ साली डेल यांनी मांडलेल्या अनुभवशंकूत असे कोणतेही आकडे नाहीत. चित्र स्वतः काही शिकवीत नाही. त्याच्याभोवती घडणारा संवाद शिकवतो.

दिल्लीत १९८४ साली शैक्षणिक तंत्रविज्ञान केंद्र व अध्यापन साधन विभाग एकत्र करून केंद्रीय शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पुढे व्हिडिओचा प्रसार होत गेला आणि चित्रपट्टी वर्गातून नाहीशी झाली. २०१७ पासून 'दीक्षा' मंचावर पाठ्यपुस्तकांना जोडलेल्या चित्रफिती उपलब्ध आहेत. त्यांचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु तयार आवाज सुरू झाला की शिक्षक बाजूला उभा राहतो आणि मुलांबरोबर तोही प्रेक्षक होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यावर उपाय खर्चाचा नाही. चित्रफीत अगोदर पाहून ठेवावी, योग्य क्षणी ती थांबवावी, आवाज बंद करावा आणि विचारावे : हे बैल येत आहेत की जात आहेत? मग आधी मुलांना बोलू द्यावे, ज्या भाषेत त्यांना सुचेल त्या भाषेत.